आस्वाद आणि अस्वाद

आपल्या भाषेत 'आस्वाद' आणि 'अस्वाद' असे दोन शब्द आहेत. लिहिताना त्यांच्यात एका कान्याचे अंतर आहे. परंतु त्या कान्याच्या दोन बाजूंना दोन मोठ्या परंपरा उभ्या आहेत. रस म्हणजे काय हे सांगताना भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात दृष्टान्त घेतला तो पाकशाळेतला. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाची चव प्रसन्न मनाचा माणूस जशी घेतो, तशीच सहृदय प्रेक्षक भावांची चव घेतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे आपल्या सगळ्या साहित्यविचाराचे मूळ शेवटी जिभेवरच आहे. दुसऱ्या बाजूला गांधीजी. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली, त्यांत अस्वाद हे एक स्वतंत्र व्रत सांगितले आहे. अन्न औषधासारखे घ्यावे, देहाला लागेल तेवढे घ्यावे, जिभेच्या सुखासाठी घेऊ नये, हा त्याचा मथितार्थ.

आपण मराठी माणसे या दोघांनाही मानतो, आणि त्यामुळे आपली मोठी चमत्कारिक स्थिती होते. साहित्यसभेत कुणी 'रसिकहो' म्हणून हाक मारली की आपण सुखावतो. घरी ताटावर बसलेल्या मुलाने भाजीला नाक मुरडले की 'जिभेचे चोचले पुरेत' म्हणून त्याला दटावतो. चव बारकाईने घेता येणे हा गुण आहे, दोष आहे, की ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांचा केवळ एक षोक आहे, याचा निकाल आपण कधी लावलेलाच नाही.

या प्रश्नाची परीक्षा करायची तर आंब्याचे किंवा गाण्याचे सोपे उदाहरण घेऊन चालणार नाही. तेथे रसिकतेच्या विरुद्ध बोलायला कोणी उभाच राहणार नाही. उदाहरण अवघडच घेतले पाहिजे. म्हणून मी येथे फ्रान्समधल्या एका नामांकित मळ्याच्या मद्याचे उदाहरण घेतो. त्या मळ्याचे नाव शातो ओ-ब्रियाँ. 'शातो' म्हणजे आपल्या भाषेत गढी. बोर्दो शहराला लागून असलेल्या पेसाक गावी ही गढी आणि तिच्याभोवती द्राक्षांचा मळा आहे. सोळाव्या शतकात झाँ द पोंताक या गृहस्थाने तो वसवला. आणि १९३५ साली क्लॅरन्स डिलन या अमेरिकन पेढीवाल्याने तो विकत घेतला, तेव्हापासून तो त्या घराण्याकडे आहे. दरम्यानच्या काळात राजे गेले, क्रांत्या झाल्या, दोन महायुद्धे झाली. मळा तेथेच राहिला.

येथे कोणी विचारील, की जालना जिल्ह्यातल्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका मास्तरने या मद्याविषयी काय म्हणून लिहावे? मी त्याचा थेंबही चाखलेला नाही, आणि चाखण्याचा संभवही नाही. त्याच्या एका बाटलीच्या किमतीत आमच्याकडच्या शेतमजुराची कित्येक महिन्यांची मजुरी बसते. ही शंका रास्त आहे. गंमत अशी, की ती ज्या तत्त्वज्ञाने अत्यंत स्पष्टपणे मांडली, तो स्वतःच या मळ्यावर जाऊन आला होता. जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६९० च्या आपल्या महाग्रंथात अननसाचे उदाहरण दिले आहे. ज्याने अननस कधी जिभेवर ठेवला नाही, त्याला शब्दांनी कितीही समजावून सांगा, अननसाच्या चवीची कल्पना त्याच्या मनात उभी करता येणार नाही, असे तो म्हणतो. हाच लॉक १६७७ च्या मे महिन्यात ओ-ब्रियाँच्या मळ्यात उभा होता. लंडनमध्ये या मद्याचे नाव तेव्हा गाजू लागले होते. सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकाराने १६६३ सालीच, नावाचे स्पेलिंग पार बिघडवून, त्याची वेगळीच चव लागल्याची नोंद केली होती. तेव्हा लॉक पाहायला गेला तो कशामुळे हे मद्य इतरांहून निराळे, याचे कारण. आणि त्याने नोंद केली ती जमिनीची. पांढरी वाळू आणि खडीगोटे. पाहणाऱ्याला वाटावे की येथे काही उगवणारच नाही.

येथे मात्र मला बोलण्याचा अधिकार पोचतो. चव मला माहीत नाही. परंतु पाहणाऱ्याला काही उगवणार नाही असे वाटावे, ती जमीन मला फार चांगली माहीत आहे.

जालना तालुक्यात कडवंची नावाचे गाव आहे. उताराची, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन. पाऊस आला की माती घेऊन वाहून जायचा. १९९० च्या दशकात तेथे पाणलोटाची कामे झाली. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्यासारख्या माणसांनी, गावकऱ्यांबरोबर राबून बांध घातले, चर खणले, पाणी अडवले. मग शेततळी आली, ठिबक आले, आणि त्या मुरमावर द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या. ही द्राक्षे खाण्याची, मद्याची नव्हेत. मद्याच्या द्राक्षाचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा असतो आणि तो कोणी हौसेने खात नाही. पण वेल तीच, आणि वेलीचा स्वभावही तोच. खडकाळ, निचऱ्याच्या जमिनीत तिची मुळे खोल जातात. पाणी आणि खत यांची चंगळ झाली की ती पानांनी माजते आणि फळ पाणचट होते. बोर्दोकडे वेलीला वरून पाणी देण्यावर नियमांनीच निर्बंध घातले आहेत. आमच्याकडे हिवाळा तिला झोपवण्याइतका कडक नसतो, म्हणून वर्षातून दोनदा कात्री चालवावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. 'गोडी छाटणी' हा शब्द ज्या कुणा बागाइतदाराच्या तोंडून प्रथम निघाला असेल, त्याला मी कवी मानतो. कापल्यावाचून गोडी नाही, एवढे त्याने दोन शब्दांत सांगून ठेवले आहे.

परंतु या ठिकाणी एक मोह आवरला पाहिजे. वेलीला कष्ट दिले की फळाला गोडी येते, हे पाहून पुष्कळ लेखक माणसालाही तोच न्याय लावतात. मराठवाड्याच्या दुष्काळाने माणसे कशी घडली, दारिद्र्याने त्यांच्या जगण्याला कसा कस आला, असे लिहिणारे आणि वाचून मान डोलवणारे थोडे नाहीत. मी वर्गात उपाशी पोटी आलेली मुले पाहिली आहेत. उपाशी पोराच्या बुद्धीची मुळे खोल जात नाहीत. ते तास संपायच्या आत डुलक्या घेऊ लागते. वेलीला किती ताण द्यायचा हे मोजणारा बागाइतदार तिच्याजवळ उभा असतो. माणसाला पडणाऱ्या ताणाचे माप कोणी घेत नाही. म्हणून द्राक्षाचा धडा द्राक्षापुरताच ठेवावा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चव ही केवळ ज्याची त्याची लहर आहे, की तिच्यात खरेखोटे असते? ती लहरच असेल तर रसिकतेला गुण म्हणण्याचे कारण उरत नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ सालच्या एका निबंधात याचे उत्तर एका गोष्टीने दिले आहे. गोष्ट 'डॉन किहोते' मधल्या सांचो पांझाची. सांचोचे दोन नातलग मद्याचे मोठे पारखी. एकदा लोकांनी त्यांच्यापुढे एका पिंपातले मद्य ठेवले. एक म्हणाला, मद्य चांगले आहे, पण किंचित लोखंडाची चव येते. दुसरा म्हणाला, छे, चामड्याचा वास येतो. लोक हसले, पीप स्वच्छ होते. पुढे ते रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली एक लहानशी किल्ली सापडली. दोघेही खरे ठरले. चवीत सत्य असू शकते, एवढे या किल्लीने सिद्ध होते. ते सर्वांनाच कळत नाही म्हणून ते नाहीच असे म्हणता येत नाही.

आणि हे कळण्यासाठी फ्रान्सला जावे लागत नाही. आमच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बाया पाण्याचा एक घोट घेऊन सांगत, हे मचूळ आहे, हे जड आहे, या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही. आणि डाळ खरोखरच शिजत नसे. हुरड्याच्या दिवसांत गूळभेंडीचे कणीस कोणते आणि साध्या ज्वारीचे कोणते, हे शेकोटीपाशी बसलेला माणूस दाणा तोंडात टाकताच सांगतो. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या मातीची म्हणून काही चव आहे, हे सरकारदरबारी मान्य झाले. बोर्दोचे लोक ज्याला मोठ्या गंभीरपणाने जमिनीचा गुण म्हणतात, तो आपल्या आज्यांना ठाऊक होता. फक्त त्या गुणाची बोली बोलणारी जीभ महाग बाटलीशी बांधलेली नव्हती. रसिकता श्रीमंतांचीच असते हा समज खोटा आहे. श्रीमंतांच्या रसिकतेला तेवढी प्रसिद्धी मिळते, एवढेच.

किंबहुना पैसा चवीच्या आड येतो, याचाच पुरावा अधिक मिळतो. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या मद्यांची प्रतवारी ठरवण्यात आली. पहिल्या प्रतीत चार मळे बसले. त्यांत ओ-ब्रियाँ होते. ही यादी आज पावणेदोनशे वर्षे शिरोधार्य मानली जाते, आणि १९७३ साली एका मळ्याला वर चढवले, यापलीकडे पहिल्या प्रतीत बदल झालेला नाही. पण ही प्रत कशी ठरली? दलालांनी बाजारातले भाव पाहून ती लावली. जे महाग ते श्रेष्ठ. पुढे जे श्रेष्ठ ठरले ते आणखी महाग झाले. मग २४ मे १९७६ या दिवशी पॅरिसमध्येच एक परीक्षा झाली. नऊ फ्रेंच पारखी बसले. त्यांच्यापुढे फ्रान्सची आणि कॅलिफोर्नियाची मद्ये नावे झाकून ठेवली. तांबड्या मद्यांत पहिले आले ते कॅलिफोर्नियाच्या एका नव्या मळ्याचे, १९७३ सालचे. आणि त्या वेली १९७० साली लावलेल्या. चार शतकांचे ओ-ब्रियाँ चौथे आले. पांढऱ्या मद्यांतही पहिला नंबर अमेरिकेनेच पटकावला. निकाल ऐकून परीक्षकांपैकी एका बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली म्हणतात. २००१ साली बोर्दोच्याच संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्या मद्यात बेचव तांबडा रंग घालून ते त्या विद्येच्या ५४ विद्यार्थ्यांना दिले. विद्यार्थ्यांनी त्याचे वर्णन तांबड्या मद्याच्या शब्दांत केले. डोळ्यांनी जिभेला फसवले.

हे वाचून कित्येकांना आनंद होतो. बघा, हे सारे थोतांड आहे, असे ते म्हणतात. मला तसे वाटत नाही. सांचोच्या नातलगांची किल्ली खरी आणि तांबड्या रंगाने फसलेले विद्यार्थीही खरे. दोन्ही एकत्र ठेवले म्हणजे एवढेच निघते, की चवीत सत्य आहे, पण ते सहजासहजी हाती लागत नाही. नाव, भाव, रंग आणि स्वतःची प्रतिष्ठा बाजूला ठेवली तरच लागते. आम्ही मास्तर लोक हे जाणतो. म्हणून तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. पाटलाच्या मुलाचा निबंध आणि सालगड्याच्या मुलीचा निबंध एकाच डोळ्याने वाचता यावा, यासाठी शिक्षणखात्याने केलेली ती सोय आहे. निःपक्षपातीपणा हा नीतीचा गुण आहे याविषयी कोणाला शंका नाही. तोच गुण जिभेला लागतो, असे दिसले तर रसिकतेचे नाते नीतीशी जुळायला आरंभ झाला असे म्हणता येईल.

हे नाते आणखी एका गोष्टीत दिसते. मद्य पारखण्याची रीत अशी. पेला उजेडाला धरून रंग पाहायचा. तो हलकेच फिरवून वास घ्यायचा. एक घोट घेऊन तो जिभेवर, गालांत, टाळूला खेळवायचा. आणि मग, जे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते ते करायचे: घोट तस्तात थुंकून टाकायचा. दिवसभरात पन्नास मद्ये पारखायची असतील तर गिळून भागत नाही. दहाव्या पेल्याला जीभ जड होते आणि विसाव्याला बुद्धी. म्हणजे मद्याचा उत्तम जाणकार कामाच्या वेळी मद्य पीत नाही. त्याला चव हवी असते, नशा नको असते. नशा आली की त्याची चव गेली.

मला हे दृश्य फार अर्थपूर्ण वाटते. आस्वादाची वाट शेवटपर्यंत चालत गेलेला माणूस न गिळण्यापाशी येऊन थांबतो. आणि अस्वादाचे व्रत घेतलेला माणूसही तेथेच उभा असतो. गांधीजींचा विरोध जिभेच्या जाणण्याला नव्हता. तिच्या मालकीला होता. जाणकाराचीही तीच अट आहे. तेव्हा आस्वाद आणि अस्वाद हे एकमेकांचे वैरी नव्हेत. दोघांचाही वैरी एकच, हव्यास. हव्यासाला चव कळत नाही, कारण तो थांबतच नाही. लग्नाच्या पंगतीत बासुंदीच्या पाचव्या वाटीला बासुंदी लागत नाही, केवळ आपण जिंकत आहोत असे लागते.

येथेच थांबलो असतो तर निबंध गोड झाला असता. परंतु आमच्या महाराष्ट्रात हा प्रश्न निबंधातला राहिलेला नाही. श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने नारायणगावला फसफसती वाईन काढली आणि आपल्या उद्योगाला 'शातो' हेच नाव दिले. १९९७ साली नाशिकजवळ राजीव सामंत यांनी मद्याच्या द्राक्षांची लागवड केली. २००० साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली. पुढे दिंडोरी तालुक्यात खुद्द फ्रेंच घराणे उतरले. आज शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी तेथे जाऊन पेले फिरवतात. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय केला, तेव्हा शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल असे एक पक्ष म्हणाला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. आणि वाईन म्हणजे दारू नव्हे, असाही एक युक्तिवाद मोठ्या आवाजात झाला.

तो युक्तिवाद मला पटत नाही. आपल्या सोवळ्या घरांतूनही द्राक्षासवाची बाटली असते आणि आसवात आपोआप उत्पन्न होणारे मद्यार्क असते, हे वैद्य सांगतील. तरी ते कोणी नाकारत नाही. जे आहे ते आहे म्हणावे, मग त्याचा विचार करावा. वाईन ही दारू आहे. ती सौम्य आहे, तिच्यात कला आहे, पण ती दारू आहे. आणि दारूने काय होते हे ज्यांना बाटलीवरचे नाव वाचायचे नसते त्यांना अधिक ठाऊक आहे. महाराष्ट्रात गावातले दुकान बंद करण्यासाठी बाया मतदानाला उभ्या राहतात. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. निम्म्याहून अधिक बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान उठते. त्या बायांपुढे जमिनीचा गुण आणि मद्याचा वास यांवर व्याख्यान देण्याचे धैर्य मला नाही. त्यांच्या घरी जी येते तिला रंग, वास, चव यांपैकी काहीच पाहिले जात नाही. ती डोळे मिटून घशाखाली ओतली जाते. तेथे आस्वाद शून्य असतो आणि हव्यास पूर्ण. पण त्या बायांना या विश्लेषणाचा उपयोग नाही. तस्तात थुंकणारे थोडे, गिळणारे अगणित. आणि कायदा थोड्यांकडे पाहून करता येत नाही. रसिकता हा गुण असला तरी तो परवाना नव्हे.

दुसरी गोष्ट पाण्याची. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्याच्या घशाला कोरड पडली होती. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचे पाणी आधी ५० आणि मग ६० टक्क्यांनी कापण्याचा आदेश दिला. ती कारखान्यांची गोष्ट, मळ्यांची नव्हे, हे मला कळते. पण पेल्यातल्या घोटामागे कोणाचे पाणी आहे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. जो रसिक मातीचा गुण जिभेवर ओळखतो आणि त्या मातीवर राबणाऱ्याची मजुरी व त्या गावच्या विहिरीची पातळी ओळखत नाही, त्याची चव अर्धवट आहे असे मी म्हणेन. सांचोच्या नातलगांना पिंपाच्या तळाची किल्ली कळली. पिंपाच्याही खाली जमीन असते, आणि तिथपर्यंत ज्याची जीभ पोचली तोच खरा पारखी.

भरतमुनींनी चव घेणाऱ्याला 'सुमनस्' म्हटले आहे. टीकाकार त्याचा अर्थ प्रसन्न मनाचा असा करतात. मला वाटते, ज्याचे मन चांगले आहे तो, असाही सरळ अर्थ करायला हरकत नाही. लॉक खडीगोट्यांच्या जमिनीत उभा राहून मद्याचे कारण पायाखाली शोधत होता; दृष्टी तीच हवी. बाटली घ्यावी की न घ्यावी हे ज्याने त्याने ठरवावे, आणि बायांनी मतपेटीत ठरवले तर ते सर्वांनी मान्य करावे. पण ज्वारीचा दाणा असो, मोसंबीची फोड असो, की विहिरीच्या पाण्याचा घोट असो, लक्ष देऊन चाखावा, नाव-भाव विसरून चाखावा, आणि पुरे म्हणता येईल इतक्यातच थांबावे. एवढे ज्याला साधले त्याच्यापुरता तो मधला काना पुसला गेला.